श्रावणात दिलेली राणी

चौलच्या अनुसूयाकाकूंकडून राणी मिळवणं हे येरागबाळ्याचं काम नाही. पैसे घेऊन गेलात आणि राणी घेऊन आलात, असं तिथे होत नाही. काकू आधी तुम्हाला पडवीत बसवतात, कोकम सरबत देतात, तुमचं गाव कुठलं, वाडी केवढी, घरात माणसं कोण कोण, सगळं खोदून खोदून विचारतात, आणि मग म्हणतात, "बरं, घर बघायला कधी येऊ?"

घर म्हणजे तुमचं नव्हे. घर म्हणजे तुमच्या मधमाश्यांची पेटी. काकूंकडची राणी ही राणी माशी असते, आपल्या कोकणातली साधी सातेरी जातीची, आणि काकूंच्या लेखी ती मुलगीच. मुलगी द्यायची तर घर बघूनच द्यायची, एवढं त्यांचं सरळ म्हणणं. स्वतःला एकच मुलगा, अजेय. मुलीची हौस राहून गेली ती अशी बाहेर पडली.

त्यामुळे काकू पिशवीत भिंग आणि छत्री टाकून एस्टीनं गिऱ्हाइकाच्या गावी जातात. पेटी सावलीत आहे का, मुंग्या चढू नयेत म्हणून तिच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्यात का, शेजारी फवारणी कोण करतं, हे सगळं डोळ्यांनी बघतात. अलिबागच्या एका दातांच्या डॉक्टरला त्यांनी तोंडावर नकार दिला, कारण त्याच्या वाट्या कोरड्या होत्या. नागावच्या एका बंगलेवाल्याला नकार दिला, कारण त्याच्या अंगणात पोहण्याचा तलाव होता. "आमच्या मुली तहानल्या की कुठेही वाकतात," असं कारण दिलं. सख्ख्या भावालाही नाही म्हणाल्या. त्याच्या पेटीत काही खोट नव्हती, पण वहिनी दिवसभर मोठ्यानं टीव्ही लावते.

खरं तर पेट्या काकांच्या, म्हणजे काकूंच्या यजमानांच्या. त्यांनी कुठल्याशा शिबिरात शिकून नारळी-पोफळीच्या वाडीत हौसेनं पेट्या ठेवल्या होत्या, आणि मध कमी नि डंख जास्त अशा बेतानं चालवल्या होत्या. ते गेल्यावर काकूंनी पेट्या विकायला काढल्या. घेणारा आला, त्यानं झाकण उघडलं आणि राणीला चिमटीत धरून उजेडात उलटसुलट बघायला लागला. काकूंचं डोकंच फिरलं. "अहो, बाई आहे ती," म्हणाल्या, आणि त्याला फाटकाबाहेर काढलं. तिथून जे सुरू झालं ते आजतागायत.

आता राणी तयार करणं म्हणजे काय, तेही सांगतो, नाहीतर पुढचा गोंधळ कळायचा नाही. कोवळी अळी अलगद उचलायची, मेणाच्या बोटाच्या टोकाएवढ्या वाटीत ठेवायची आणि भरल्या पेटीत द्यायची. कामकरी माश्या तिला खास खुराक चारतात नि तिची राणी होते. इथवर हातचं काम. मग ती नवी राणी एका दुपारी उंच उडते. वर नरांची गर्दी जमलेली असते आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांशी तिचं लग्न लागतं. हे सांगताना काकू आवाज बारीक करतात आणि पुरुष माणूस समोर असेल तर छताकडे बघतात. राणी परत येते ती जन्मभराची शिदोरी घेऊन. शिदोरी भरपूर असली तर तिच्या अंड्यांतून कामकरी माश्या होतात, म्हणजे मुली. आणि शिदोरी मिळालीच नाही, तर तिच्या अंड्यांतून निघतात ते नुसते नर.

शिदोरी किती मिळणार ते ठरतं ऋतूवर. दिवाळीनंतरची राणी पहिल्या नंबरची, कारण रानात फुलोरा असतो, नर धष्टपुष्ट असतात आणि हवा कोरडी. आंब्याला मोहोर असतानाची राणीही उत्तम, फक्त जरा मिजासखोर. चैत्र-वैशाखातली चालवून घ्यायची. तिच्या माश्या आधी चावतात आणि मग कोण आलंय ते बघतात. पावसाळ्यातली मात्र नाही म्हणजे नाही. पावसाळ्यात पेट्या साखरपाण्यावर जगतात, आणि खाणारी तोंडं कमी व्हावीत म्हणून कामकरी माश्यांनी नरांना दाराबाहेर ढकललेलं असतं. राणी बिचारी उघडीप बघून नटूनथटून निघते, आणि वर जाऊन बघते तर एखादा उपाशी, भिजका नर, नाहीतर तोही नाही. म्हणून पाऊस लागला की काकूंचं दुकान बंद. प्रत्येक राणीच्या पाठीवर त्या नेलपॉलिशचा बारीक ठिपका देतात, दिवाळीनंतरचीला लाल, मोहोरातलीला गुलाबी, उन्हाळ्यातलीला पिवळा. पावसाळ्याचा रंगच त्यांनी ठरवलेला नव्हता.

नरांबद्दल काकूंचं मत फारसं बरं नाही. "उशिरा उठायचं, आयतं गिळायचं, दुपारी भटकायला जायचं आणि तिन्हीसांजेला पुन्हा जेवायला हजर," असं त्या सांगतात तेव्हा त्यांची नजर आपोआप अजेयकडे वळते. अजेय नवी मुंबईतल्या एका कंपनीचं काम घरून करतो. म्हणजे झोपाळ्यावर लॅपटॉप उघडा असतो आणि अजेय शेजारी आडवा असतो.

ह्या अजेयनंच सगळा घोळ घातला. आईच्या धंद्याला जरा वळण लावावं म्हणून गेल्या ज्येष्ठात त्यानं मोबाइलवर एक जाहिरात तयार केली. काकूंचा पैठणीतला फोटो, त्यावर सोन्याचा मुकुट, आणि खाली लिहिलं, 'जातिवंत सातेरी राण्या. बारमाही उपलब्ध.' काकूंनी मुकुट बघितला, "काहीतरीच तुझं" म्हणाल्या, मनातून खूश झाल्या, आणि खालचं वाचलंच नाही.

जाहिरात फिरत फिरत म्हसळ्याच्या आतल्या एका गावात येसाजीच्या मोबाइलवर पोचली. येसाजी भातशेती करणारा, चाळिशीचा, भला माणूस. भातानंतर तो बांधाच्या कडेनं वाल नि मांडवावर कारली लावतो, आणि कारली धरावीत म्हणून त्यानं एक पेटी ठेवली होती. ऐन श्रावणात त्याची राणी मेली. त्यानं फोन लावला.

"काकू, पेटी बिनराणीची झाली. माश्या नुसत्या रडतात हो."

"दिवाळीनंतर ये. चांगली देते."

"तवर न्हाय जगायच्या त्या. आन तुमी तर बारमाही लिवलंय."

काकूंनी अजेयच्या हातातून मोबाइल घेतला, चष्मा लावला आणि मुकुटाखालची ओळ पहिल्यांदा वाचली. मग चष्म्यावरून अजेयकडे जे बघितलं, ते त्यानं पुढे आठवडाभर बायकोलाही सांगितलं नाही. पण छापलं ते छापलं. काकूंनी नाही म्हटलं असतं तर जाहिरात खोटी ठरली असती, आणि काकूंची सगळी मिळकत काय, तर नाव. त्यांनी दिलेली मुलगी वाईट निघाली, असं आजवर कोणी म्हटलेलं नव्हतं. शिवाय वाडीत एका छोट्या पेटीत एक राणी तयार होती. स्वतःची एखादी जुनी राणी पावसात दगावली तर असावी, म्हणून नुकतीच काढलेली.

"घर बघितल्याशिवाय नाही हं देणार," काकू म्हणाल्या.

आता घर बघायचं कसं? आगरदांड्याची फेरीबोट वाऱ्यामुळे बंद, आणि रोह्यावरून जायचं तर रस्ता की ओढा ते कळू नये अशी दशा. अजेय म्हणाला, "व्हिडिओ कॉल करू." काकूंना ते पटलं नाही, पण केस मात्र विंचरून बसल्या.

कॉल लागल्यावर बराच वेळ एक कान दिसत होता. येसाजीनं मोबाइल फिरवला तेव्हा कळलं, कान त्याच्या आईचा, सोनाबाईंचा. सोनाबाईंनी घर बघायचं म्हणजे घरच दाखवायला घेतलं. आधी गोठा, मग चूल, मग मांडणीवरची भांडी, मग नवीन बांधलेली मोरी. काकू सारख्या "पेटी दाखवा हो, पेटी" म्हणत होत्या आणि सोनाबाई "दाखवते, दमा की जरा" म्हणत कपाट उघडत होत्या. शेवटी फणसाखालची पेटी दिसली. छप्पर धड होतं, पायांखाली वाट्या होत्या, वाट्यांत पाणीही काठोकाठ होतं. पावसाचंच, पण होतं.

"पटलं," काकू म्हणाल्या.

"तुला पटलं. आता मी विचारते," सोनाबाई म्हणाल्या. "पोरगी कामाला कशी हाय?"

"कामाला नसते हो ती. ती बसून अंडी घालते."

"म्हंजी कोंबडीच."

"कोंबडी नव्हे, राणी."

"रंगानं?"

"जरा काळसर."

"चालंल. आमी कुठं गोऱ्या हाव. एकलीच येनार?"

"पाठराखिणी देते ना, पाच-सहा."

"त्या परत कवा जानार?"

"त्या नाही परत जात. तिथेच राहतात, स्वतःचं स्वतः मिळवून खातात."

सोनाबाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "आजवरच्या सोयरिकीत ही बरी दिसते."

दुसऱ्या दिवशी येसाजी रोह्यावरून मोटारसायकल मारत, नखशिखांत भिजून दारात उभा राहिला. आणि काकूंनी तिथे दुसरी चूक केली. राणीनं अंडी घातली की लगेच तिला द्यायची नसते. अंड्याची अळी होऊन पोळ्यातल्या तिच्या खणावर माश्या झाकण बसवतात, तोवर थांबायचं. झाकण सपाट बसलं तर आत मुलगी. फुगून वर आलं तर आत नर. काकू एरवी गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवून झाकण बघितल्याशिवाय राणीला हलवत नाहीत. पण त्या दिवशी हा माणूस पडवीत पाणी निथळवत उभा, वर सारखा हात जोडतोय. खणांत अंडी तर दिसत होती. काकूंनी सुनेच्या कप्प्यातली हिरवी बाटली आणून राणीच्या पाठीवर ठिपका दिला, जाळीच्या छोट्या पिंजऱ्यात तिला पाठराखिणींसकट घातलं आणि येसाजीच्या हातावर ठेवलं. त्यानं पिंजरा रेनकोटाच्या आत, सदऱ्याच्या खिशात सरकवला आणि एका हातानं छाती धरून निघाला. काकूंना त्या रात्री जेवण गेलं नाही. सुनेला त्यांनी पित्त झालंय असं सांगितलं.

दसरा झाला आणि दोन-चार दिवसांत येसाजी पुन्हा हजर. ह्या खेपेला इस्त्रीचा सदरा आणि हातात पेढ्यांचा पुडा.

"काकू, तोंड गोड करा. आयेनं धाडलेत."

"कशाचे रे?"

"तुमच्या राणीचे. काकू, सगळे मुलगे झाले. एक पोरगी न्हाय. आन काय एकेक आडदांड. आयेनं गावात घरटी पेढा वाटला."

अजेयनं तोवर दोन खाल्ले होते. काकूंनी एक तोंडात टाकलेला, तो तिथेच राहिला. येसाजीनं कौतुकानं मोबाइलवर फोटो दाखवला. सगळी झाकणं फुगलेली, वर बारीक भोक. पेटीभर नर. त्यांना भरवायला उरलेल्या कामकरी माश्या जुन्या, दमलेल्या, आणि त्यांच्या जागी नवीन एकही यायची नव्हती. दिवाळी गाठायच्या आत घर बुडणार होतं, आणि घरवाला पेढे वाटत होता.

"माश्या जरा कमी झाल्यात," येसाजी म्हणाला, "पन हायत त्या जाडजूड हायत."

काकूंनी पेढा कसाबसा गिळला. आता खरं सांगायचं, की बाबा रे, मी तुला वाईट राणी दिली? जिभेवर आलं होतं. पण शेजारची प्रणाली कुंपणापाशी कान लावून उभी होती, आणि प्रणालीला कळलं म्हणजे रेवदंड्याच्या बाजारापर्यंत कळलं. काकू म्हणाल्या, "परवा येते बघायला," आणि येसाजीला परत चहा पाजला.

तो गेल्यावर अजेय म्हणाला, "आपण असं सांगू ना, की तिकडचं पाणी तिला मानवलं नाही."

"तू गप्प बस. परवा गाडी काढ."

काकूंनी बेत ठरवला. मुकाट्यानं जायचं, मुकाट्यानं राणी बदलायची, मुकाट्यानं यायचं. नाव राहील आणि घरही वाचेल. बदली राणी म्हणून त्यांनी निवडली ती थोरली, त्यांच्या वाडीतली सगळ्यांत भारी राणी, लाल ठिपक्याची. तिच्यासाठी अलिबागच्या डॉक्टरनं वाट्यांत पाणी भरून फोटो पाठवले होते, तरी दिली नव्हती. सोबत मुलींच्या अंड्या-अळ्यांनी भरलेल्या पोळ्याच्या दोन चौकटी घेतल्या. त्या मागच्या सीटवर, थोरली काकूंच्या मांडीवर, आणि अजेय खिडक्या बंद करून घाम पुसत गाडी चालवत होता. फेरीबोटीवर तिकीटवाल्यानं विचारलं, गाडीत काय आवाज येतोय. अजेय म्हणाला, "एसी बिघडलाय."

येसाजीच्या दारात गेल्यावर काकूंच्या लक्षात आलं की मुकाट्यानं हा शब्द सोनाबाईंना ठाऊकच नसावा. माहेरची माणसं आली म्हणून त्यांनी अंगण सारवलं होतं, आणि पेटीपासून हातभर अंतरावर पाट टाकून स्वतः बसल्या होत्या. नुकतंच त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, आणि तेव्हापासून त्या भेटेल त्याला डोंगरावरच्या म्हशी मोजून दाखवत होत्या.

"अजेय, आजींना जरा मोबाइलवर काहीतरी दाखव ना," काकू म्हणाल्या.

"मला काय नको," सोनाबाई म्हणाल्या. "तू कर तुझं. मी बघते."

काकूंनी पेटी उघडली. हिरव्या ठिपक्याची राणी सापडायला वेळ लागला नाही, माश्या तेवढ्याच उरल्या होत्या. खरं म्हणजे अशा राणीला तिथेच चिरडून टाकायची पद्धत. पण काकूंचा हात काही होईना. त्यांनी तिला रिकाम्या काड्यापेटीत सरकवलं, काड्यापेटी पिशवीत टाकली, भरल्या चौकटी आत लावल्या आणि थोरलीचा पिंजरा मधोमध अडकवला. पिंजऱ्याच्या तोंडाला साखरेचा गोळा असतो. माश्या तो खाऊन संपवतात तोवर त्यांना नव्या राणीच्या वासाची सवय होते आणि त्या तिला आपली मानतात. सगळं झटपट झालं. काकू झाकण लावणार, एवढ्यात सोनाबाई वाकल्या.

"ही कोन?"

"कोण म्हणजे? राणी."

"हिची टिकली लाल हाय. आमचीची हिरवी व्हती."

काकूंच्या हातात झाकण तसंच राहिलं.

"आजी, ते अपडेट केलंय," अजेय म्हणाला. काकूंनी त्याच्याकडे बघितलं तसा तो गोठ्यातली म्हैस बघायला निघून गेला.

"आमची कुठाय?" सोनाबाई म्हणाल्या.

मग काकूंनी झाकण खाली ठेवलं. लपवायला आता काही उरलं नव्हतं, आणि खोटं कशाला बोला, त्यांना जरा सुटल्यासारखंही झालं. "सोनाबाई, माझी चूक झाली," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला चांगली राणी दिली नाही. पावसातली राणी मी कधी कोणाला देत नाही, तुम्हाला दिली. झाकणं बघेपर्यंतही थांबले नाही. तिला नुसते नरच होतात. नर मध आणत नाहीत, पोरं सांभाळत नाहीत, घर झाडत नाहीत. बसून खातात."

सोनाबाईंनी खांबाला टेकून उभ्या असलेल्या येसाजीकडे बघितलं. "ते मला म्हायती हाय," त्या म्हणाल्या. "फुडं बोल."

"पुढे काय. मुली नाहीत तर पेटी संपणार. म्हणून ही दुसरी आणली. माझ्याकडची सगळ्यांत चांगली."

"आन आमचीला काढलीस."

"काढावीच लागते. एका पेटीत दोघी राहत नाहीत."

"तिला पोरी होत न्हाय म्हनून काढलीस."

"हो."

सोनाबाई पाटावर नीट मांडी घालून बसल्या. येसाजी "आये, जाऊ दे ना" म्हणाला, त्याच्याकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही.

"मला एकामागं एक चार पोरी झाल्या," त्या म्हणाल्या. "हा येसा लई उशिरा झाला. चौथीच्या येळी सासूनं माझं बोचकं बांधून दारात ठेवलं. दुसरी बघून बी ठेवली व्हती. मी बोचकं सोडलं, लुगडी परत दांडीवर टाकली आन चुलीम्होरं जाऊन बसले. दोन दिस उठले न्हाय. तवा कोन म्हनत व्हतं, पोरी पायजेत? आता ह्या माशीला पोरगे झाले, पेढे वाटून झाले, आन तू म्हनतेस, पोरी न्हाईत, काढा. बाईनं करायचं तरी काय, ते एकदा बसून ठरवा आन मंग आमाला सांगा."

म्हैस बघायला गेलेला अजेय परत येऊन गोठ्याच्या दारात थांबला होता. काकूंना ह्या विषयावर सगळं येत होतं, शिदोरी, नर, ऋतू, झाकणं. आजवर त्यांनी इतकी घरं बघितली होती, पण वाईट राणीचं पुढे काय करायचं, हे त्यांना कोणत्याच घरात कोणी विचारलं नव्हतं.

"तिची काहीच चूक नाही," काकू म्हणाल्या. "मी तिला भर पावसात उजवली. चूक माझी आहे. पण मी तिला टाकली नाही हो. ही बघा." त्यांनी पिशवीतून काड्यापेटी काढून तळहातावर ठेवली. आतून बारीक गुणगुण येत होती. "घरी घेऊन जाते. वेगळ्या पेटीत ठेवीन, जगेल तोवर साखरपाणी घालीन. तुमची पेटी मात्र वाचू दे. आणि मग काय सांगायचं ते खुशाल सांगा सगळ्यांना, की चौलवालीनं फसवलं."

"म्हंजी माहेरी नेतेस?"

"माहेरी."

सोनाबाईंनी काड्यापेटीला कान लावला. बराच वेळ ऐकत होत्या.

"पोरगी काय वाईट न्हवती," त्या म्हणाल्या. "येळ चुकली तिची, बस. कोनी इचारलं तर मी हेच सांगन." आणि मग त्यांचा पारा पुन्हा चढला. "पन सासरची बाई माहेराला अशी निघते व्हय? काड्यापेटीत घालून, चोरागत? येसा, नव्या भाताचे तांदूळ आन. आन नारळ. ओटी भरल्याबिगर न्हाय सोडायची मी तिला."

येसाजी आत पळाला. सोनाबाई पाटावरून उठल्या, पदरानं पाट पुसला आणि काकूंच्या पुढ्यात सरकवला. "बस."

काकू मागे सरल्या. काका गेल्यापासून त्यांना कोणी पाटावर बसवलं नव्हतं. चौलात हळदीकुंकू असलं की त्या आपणहून स्वयंपाकघरात पातेल्यापाशी जाऊन उभ्या राहत, आणि तेच बरं आहे असं सगळ्यांना वाटे. "नको सोनाबाई," त्या हळू म्हणाल्या. "आमचे हे गेलेत. माझी नाही भरत ओटी."

"तुझी कोन भरतंय?" सोनाबाई खेकसल्या. "मी माझ्या सुनंची भरते. तिला पदर न्हाय, म्हनून तुला बसवली. जागा तेवढी दे, बाकी तुझा काय संबंध न्हाय. बस गुमान."

काकू बसल्या. काड्यापेटी मांडीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी पदर पसरला. सोनाबाईंनी येसाजीनं आणलेलं सूप घेतलं, खाली टेकल्या आणि ओंजळ भरली. तांदूळ पडायला लागले तशी आतली राणी मोठ्यानं गुणगुणायला लागली.

"डोळं कशाला पुसतेस?" सोनाबाई म्हणाल्या. "पदर सरळ धर. तांदूळ सांडतील."

काकूंनी पदर सरळ धरला.